दख्खनचा बेसॉल्ट पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली कसा बघायचा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जिऑलॉजीला ॲडमिशन घेतली की मिनरॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला हा मायक्रोस्कोप फार लवकर समोर येतो. शेजारी बेसॉल्टची स्लाइड ठेवलेली असते आणि सांगितलेलं असतं एवढंच की खनिजं ओळखा. मग बहुतेकजण काय करतात, ॲनालायझर (स्लाइडच्या वरची, प्रकाश एकाच दिशेने कंपू देणारी गाळणी) आत ढकलतात, सगळं रंगीबेरंगी दिसायला लागतं, आणि निळं-गुलाबी दिसलं म्हणून ऑलिव्हिन, राखाडी दिसलं म्हणून प्लॅजिओक्लेज असं रंगावरून नाव ठोकून मोकळे होतात. सगळा घोळ तिथेच सुरू होतो. एकाच स्लाइडमधलं ऑगाइट एका कणात राखाडी, दुसऱ्यात पिवळं आणि तिसऱ्यात झकास निळं दिसू शकतं, कारण त्या रंगात खनिजाचा वाटा असतो तसाच स्लाइडच्या जाडीचा आणि तो कण कुठल्या दिशेने कापला गेलाय याचाही वाटा असतो. म्हणून रंग सगळ्यात शेवटी. त्याआधी काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे कुठे फसायला होतं ते इथे लिहिते आहे.

उदाहरण म्हणून दख्खनचा बेसॉल्टच घेतलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आज साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, महाराष्ट्रातल्या बहुतेक डिपार्टमेंटमध्ये त्याच्या स्लाइड्स असतातच, आणि खनिजं मोजकी असल्यामुळे शिकायला यापेक्षा चांगला दगड नाही असं माझं मत आहे.

१. जवळ काय काय हवं

- थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर (३० मायक्रॉन) जाडीपर्यंत घासलेला दगडाचा तुकडा
- त्याच दगडाचा हातात धरता येईल असा तुकडा, शक्य असेल तर
- गोल फिरणारं, अंशांच्या खुणा असलेलं स्टेज असलेला पोलरायझिंग मायक्रोस्कोप (बायोलॉजीवाल्यांचा साधा मायक्रोस्कोप चालत नाही)
- जिप्सम प्लेट, आणि असेल तर क्वार्ट्झ वेज
- मिशेल-लेव्हीचा रंगांचा चार्ट, रंगीत छापलेला
- लेन्स पेपर, पेन्सिल, कोरी वही

बाहेरच्या कॉलेजमधून येऊन डिपार्टमेंटचा मायक्रोस्कोप वापरणार असाल तर गाइडचं सही-शिक्क्याचं पत्र आणि स्वतःचं आयकार्ड आणा, आणि स्लाइड घेताना रजिस्टरमध्ये तिचा नंबर लिहा. त्या नंबरावरूनच नंतर कळतं की दगड कुठल्या गावाच्या खाणीतला किंवा कुठल्या घाटातला आहे. नंबर नसलेल्या स्लाइडवर प्रोजेक्टचं काम अजिबात सुरू करू नका.

स्लाइड स्वतः बनवायची असेल तर थोडक्यात असं: डायमंड कटरवर पातळ चकती कापायची, एक बाजू कार्बोरंडम पावडरवर आधी जाड मग बारीक अशी सपाट घासायची, ती बाजू अरल्डाइटने काचेवर बुडबुडे न ठेवता चिकटवायची, मग दुसरी बाजू घासत न्यायची, आणि शेवटचा टप्पा सपाट काचेवर सगळ्यात बारीक पावडर घेऊन हाताने, दर थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली तपासत. प्लॅजिओक्लेज फिकट राखाडी ते पांढरं दिसायला लागलं की थांबा. बहुतेक सगळे कण पिवळे-नारिंगी दिसत असतील तर स्लाइड अजून जाड आहे. आपल्या बेसॉल्टला भोकं फार असतात, तो दगड आधी पातळ इपॉक्सीने भरून न घेता घासायला घेतला तर भोकांच्या कडा तुटून निघतात आणि आतली झिओलाइटं (भोकांत नंतर वाढलेली खनिजं) सगळ्यात आधी जातात.

२. मायक्रोस्कोप लावून घ्या, याला वेळ द्या

सगळ्यात आधी स्लाइड न ठेवता ॲनालायझर आत घाला. समोर पूर्ण काळं दिसलं पाहिजे. राखाडी उजेड येत असेल तर खालचा पोलरायझर (स्लाइडखालची तशीच गाळणी) सरकलेला असणार, तो हळूहळू फिरवून पूर्ण काळोख होईल तिथे आणा. जुने सर याला क्रॉस्ड निकॉल म्हणतात, कारण विल्यम निकॉलने १८२८ मध्ये कॅल्साइटचा प्रिझम बनवला आणि पुढे बरीच वर्षं तोच वापरायचे. आता पोलरॉइडची शीट असते. क्रॉस्ड निकॉल, क्रॉस्ड पोलर, एक्सपीएल (क्रॉस्ड पोलराइज्ड लाइट), सगळं एकच. ॲनालायझर बाहेर असला की पीपीएल (प्लेन पोलराइज्ड लाइट).

मग आयपीसची रिंग फिरवून क्रॉसहेअर (आतल्या उभ्या-आडव्या दोन रेघा) स्वतःच्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा, चष्मा असेल तर विशेष. आयपीस आपल्या खाचेत नीट बसलंय ना तेही बघा. ते थोडं जरी फिरलेलं असेल तर क्रॉसहेअर तिरपं होतं आणि पुढचे सगळे अँगल चुकतात.

आता सेंटरिंग. स्टेज फिरवलं की कण गोल फिरत नजरेबाहेर निघून जातो, ही सगळ्यांची तक्रार असते आणि त्यामुळे लोक स्टेज फिरवायचाच कंटाळा करतात. उपाय सोपा आहे. एक बारीक काळा ठिपका क्रॉसहेअरच्या मधोमध आणा, स्टेज १८० अंश फिरवा, ठिपका जिथे गेला तिथून मध्यापर्यंतचं अर्धं अंतर ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडजवळच्या लेन्सच्या) दोन स्क्रूंनी मागे आणा, आणि उरलेलं अर्धं स्लाइड हाताने सरकवून. एक-दोनदा केलं की ठिपका जागच्या जागी फिरतो. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचं सेंटरिंग वेगळं करावं लागतं.

इथला मोठा धोका म्हणजे स्लाइड उलटी ठेवणं. पातळ कव्हर स्लिपची बाजू वर पाहिजे. उलटी ठेवली तर ४ आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हला काही कळतही नाही, पण ४० चं लावल्यावर फोकसच होत नाही, तुम्ही जवळ जवळ नेत राहता आणि लेन्स काचेवर आपटते. ४० चं ऑब्जेक्टिव्ह आणताना डोळा आयपीसला न लावता बाजूने बघत आणायचं आणि फोकस करताना लेन्स आणि स्लाइडमधलं अंतर वाढवत जायचं.

३. आधी पीपीएल, ॲनालायझर बाहेर

कमीत कमी पॉवरवर पूर्ण स्लाइड एकदा फिरून बघा. मोठे स्फटिक किती, ग्राउंडमास (त्यांच्या मधला बारीक कणांचा भाग) किती, भोकं भरलेली आहेत का रिकामी. मग एकेका खनिजासाठी पाच गोष्टी लिहा: रंग, आकार, क्लीव्हेज (खनिज ठरावीक दिशांनी फुटतं त्या सरळ रेघा), रिलीफ (कण किती उठून दिसतो), आणि स्टेज फिरवल्यावर रंग बदलतो का.

दख्खनच्या साध्या बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज म्हणजे पाण्यासारख्या स्वच्छ, लांबट पट्ट्या, रिलीफ कमी. ऑगाइट फिकट तपकिरी किंवा जवळजवळ बिनरंगी, रिलीफ चांगलाच, क्लीव्हेजच्या रेघा दिसतात, आणि योग्य दिशेने कापलेल्या कणात त्या दोन रेघा एकमेकींना जवळजवळ काटकोनात, ८७ अंशांच्या आसपास छेदतात. ऑलिव्हिन असेल तर बिनरंगी, रिलीफ आणखी जास्त, क्लीव्हेज जवळपास नाहीच पण वेड्यावाकड्या भेगा भरपूर, आणि त्या भेगांतून लालसर तपकिरी इडिंग्साइट (ऑलिव्हिन बदलून तयार झालेलं) शिरलेलं. बऱ्याचदा ऑलिव्हिन पूर्ण बदलून गेलेलं असतं आणि फक्त त्याचा आकार उरलेला असतो, तेव्हा आकार ओळखायला शिका. काळे अपारदर्शक कण म्हणजे मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, इल्मेनाइट बहुतेक लांब काड्यांसारखं दिसतं. तपकिरी, विस्कटलेला, निश्चित आकार नसलेला भाग दिसला तर ती काच (लाव्हाचा स्फटिक न बनता गोठलेला भाग) असू शकते, त्यावर पुढे बोलू.

हे पाच मुद्दे नीट लिहिले असतील तर ॲनालायझर आत घालायच्या आधीच तुमची बरीचशी ओळख झालेली असते, आणि एक्सपीएल फक्त खात्री करायला उरतं.

४. बेके लाइन

रिलीफ म्हणजे कण आजूबाजूच्या माध्यमातून किती उठून दिसतो ते. पण उठून दिसणारं खनिज जास्त अपवर्तनांकाचं आहे की कमी, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी कंडेन्सरची झडप बरीच बंद करा, कणाच्या कडेवर फोकस करा आणि लेन्स व स्लाइडमधलं अंतर हळूच वाढवा. कडेवरची उजळ रेघ ज्या बाजूला सरकते त्या बाजूचा अपवर्तनांक जास्त. जुन्या मायक्रोस्कोपात नळी वर जाते, नव्यात स्टेज खाली जातं, म्हणून नॉब कुठे फिरवायचा हे पाठ करू नका, अंतर वाढवायचं एवढंच लक्षात ठेवा.

हे खरं कामाला येतं ते भरलेल्या भोकांत. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींमध्ये स्टिल्बाइट, ह्युलंडाइट, कॅव्हन्साइट मिळतात हे माहीतच असेल, त्यातल्या स्टिल्बाइट-ह्युलंडाइटसारखी झिओलाइटं आपल्या स्लाइडमध्येही असतात. स्टिल्बाइट-ह्युलंडाइटचा अपवर्तनांक १.५० च्या आसपास, आणि चिकटवायच्या माध्यमाचा, कॅनडा बाल्सम घ्या किंवा इपॉक्सी घ्या, साधारण १.५४ च्या आसपास. त्यामुळे रेघ झिओलाइटमधून बाहेर, माध्यमाकडे पळते. क्वार्ट्झ १.५४४ ते १.५५३, म्हणजे माध्यमाच्या अगदी जवळ, त्याच्या कडा जेमतेम दिसतात. कॅल्साइट तर वेगळंच: स्टेज फिरवलं की त्याचा रिलीफ कमी-जास्त होत लुकलुकतो, कारण त्याचे दोन अपवर्तनांक १.४८६ आणि १.६५८ इतके लांब आहेत. भोकात कॅल्साइट आहे की झिओलाइट हे पीपीएलमध्येच असं सुटून जातं.

५. ॲनालायझर आत

आता काय होतं ते एकदा समजून घ्या, मग पाठांतर लागत नाही. खालून एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश येतो. स्फटिकात शिरताना त्याचे दोन किरण होतात, एकमेकांना काटकोनात कंपणारे, एक वेगाने जाणारा आणि एक मागे पडणारा. ॲनालायझर त्या दोघांना पुन्हा एका दिशेत आणतो, आणि मागे पडलेल्या अंतरानुसार काही रंग मारले जातात, काही उरतात. काच आणि क्युबिक खनिजं किरणाचे दोन भाग करतच नाहीत, म्हणून ती काळीच राहतात. आणि कणाच्या दोन कंपनदिशा क्रॉसहेअरला समांतर आल्या की तो कणही काळा होतो, एका पूर्ण फेरीत चार वेळा. याला एक्स्टिंक्शन म्हणतात.

एक्सपीएलमध्ये काळं दिसलं म्हणजे काच, असं लगेच लिहू नका. काळं दिसायची कारणं बरीच आहेत:

- अपारदर्शक खनिज: पीपीएलमध्येही काळंच. वरून टॉर्च मारून बघा, धातूसारखी चमक येते.
- स्लाइडमधलं भोक: पीपीएलमध्ये रंगच नाही, आत बहुतेक बुडबुडा किंवा पावडरचे कण.
- काच: पीपीएलमध्ये तपकिरी, आत बारीक सुयांसारखे स्फटिक, स्टेज कितीही फिरवा काळीच.
- ॲनालसाइमसारखं क्युबिक किंवा जवळजवळ तसं खनिज: बिनरंगी, भोकांत भरलेलं.
- साधं दुहेरी अपवर्तनाचंच खनिज, पण ऑप्टिक ॲक्सिसला (ज्या दिशेने जाताना किरणाचे दोन भाग होत नाहीत तिला) काटकोनात कापलेलं: त्याच खनिजाचे बाकीचे कण रंगीत दिसतात.

शेवटच्यात भलेभले फसतात, म्हणून एका कणावर निर्णय देऊ नका.

६. रंगांचा हिशोब

हिशोब एका ओळीचा आहे: मागे पडलेलं अंतर म्हणजे जाडी गुणिले बायरिफ्रिंजन्स (त्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांमधला फरक). जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे ३०,००० नॅनोमीटर. क्वार्ट्झचं बायरिफ्रिंजन्स ०.००९, म्हणून २७० नॅनोमीटर, चार्टवर पहिल्या ऑर्डरचा (रंगांच्या पहिल्या फेरीचा) राखाडी-पांढरा. ऑगाइटचं ०.०२५ धरलं तर ७५०, दुसऱ्या ऑर्डरचा निळा-हिरवा पट्टा. ऑलिव्हिन ०.०३७ धरलं तर १,११०, म्हणजे दुसरी ऑर्डर संपून तिसरी सुरू. कॅल्साइट ०.१७२, म्हणजे ५,००० च्या पुढे, तिथे रंग एकमेकांत मिसळून मळकट पांढरा-गुलाबी होतो. मिशेल-लेव्हीने १८८८ मध्ये हा चार्ट आणला आणि अजूनही जगभर तोच वापरतात.

पण हे आकडे कमाल आहेत. प्रत्येक कण वेगळ्या दिशेने कापलेला असतो, त्यामुळे रंग शून्यापासून त्या कमालपर्यंत कुठलाही येऊ शकतो. म्हणून एकाच खनिजाचे जमतील तेवढे कण बघा, एक्स्टिंक्शनपासून ४५ अंश फिरवून प्रत्येकाचा रंग लिहा, आणि सगळ्यात वरचा रंग धरा. जाडीची खात्री प्लॅजिओक्लेजवरून करा, ते आपल्या बेसॉल्टमध्ये हमखास असतं. जाड स्लाइडवर ऑगाइटला ऑलिव्हिन म्हणणारे खूप भेटतील.

आणि कडेचे रंग बघा. कणाची कड निमुळती असेल तर कडेपासून आत येताना रंग क्रमाने चढत जातात, राखाडी, पांढरा, पिवळा, लाल, निळा. लाल किती वेळा ओलांडला ते मोजलं की ऑर्डर कळते, कारण दुसऱ्या ऑर्डरचा निळा आणि तिसऱ्या ऑर्डरचा निळा नुसत्या डोळ्याला वेगळा काढणं नवख्या माणसाला जमत नाही.

७. प्लॅजिओक्लेजचा एक्स्टिंक्शन अँगल

माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात समाधान देणारा भाग हाच, कारण नुसतं प्रकाशावरून आणि एका गोल स्टेजवरून तुम्ही खनिजाच्या रासायनिक घटकांपर्यंत पोहोचता, सोडियम किती कॅल्शियम किती.

एक्सपीएलमध्ये प्लॅजिओक्लेजवर काळे-पांढरे पट्टे दिसतात, अल्बाइट ट्विनिंगचे (एकमेकांना चिकटून उलटसुलट वाढलेल्या जुळ्या स्फटिकांचे). योग्य कण निवडणं महत्त्वाचं: पट्टे उत्तर-दक्षिण क्रॉसहेअरला समांतर केले की दोन्ही प्रकारचे पट्टे सारखेच राखाडी होऊन ट्विनिंग जवळजवळ नाहीसं झालं पाहिजे आणि पट्ट्यांच्या सीमा बारीक, धारदार पाहिजेत. मग स्टेजचा आकडा लिहा. उजवीकडे फिरवत एक पट्टा पूर्ण काळा करा, आकडा लिहा. परत मध्यावर या, डावीकडे फिरवत दुसरा पट्टा काळा करा, आकडा लिहा. दोन्ही अँगल जवळजवळ सारखे आले पाहिजेत, चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तो कण सोडून द्या. सारखे असतील तर सरासरी घ्या. असे आठ-दहा कण करा आणि त्यातला सगळ्यात मोठा अँगल, अँगलवरून घटक सांगणाऱ्या आलेखावर लावा. इथे सगळ्या कणांची सरासरी काढायची नसते, कमाल घ्यायची असते, याचे मार्क फार जातात.

आपल्या बेसॉल्टमध्ये बहुतेक लॅब्रॅडोराइट येतं, म्हणजे तिशीच्या आसपासचे अँगल. पण मोठे स्फटिक झोन्ड (आतून बाहेर घटक बदलत गेलेले) असतात, मध्यभाग आणि कड वेगवेगळ्या वेळी काळे होतात, तेव्हा दोन्हीची नोंद वेगळी ठेवा. ग्राउंडमासमधल्या बारीक पट्ट्या आणि मोठे स्फटिक हेही एकत्र करू नका, ते एकाच वेळी वाढलेले नसतात. सह्याद्रीतल्या जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्टमध्ये तर स्फटिक काही सेंटीमीटर लांब असतात, एकच स्फटिक स्लाइडभर पसरतो, तिथे एका स्लाइडवर कणांची संख्या पुरत नाही आणि जास्त स्लाइड्स लागतात.

ऑगाइटचा अँगल क्लीव्हेजपासून मोजायचा, तो चाळीस अंशांच्या आसपास येतो. इथेही कमालच.

८. जिप्सम प्लेट

प्लेटवर मंद दिशेची (मागे पडणारा किरण ज्या दिशेत कंपतो तिची) खूण असते, बहुतेक ईशान्य-नैऋत्य. कण एक्स्टिंक्शनपासून ४५ अंश फिरवा, प्लेट आत ढकला. राखाडी कण निळा झाला तर बेरीज, म्हणजे कणाची मंद दिशा प्लेटच्या मंद दिशेला समांतर. पिवळा झाला तर वजाबाकी. जास्त रंगाच्या खनिजांना ही प्लेट वापरून गोंधळ वाढतो, तिथे क्वार्ट्झ वेज घ्या.

सरावाला भोकातलं कॅल्सेडनी (तंतूंच्या रूपातलं क्वार्ट्झ) शोधा, तंतू पंख्यासारखे पसरलेले असतात. साधारण कॅल्सेडनीचे तंतू लांबीच्या दिशेने जलद असतात, म्हणून प्लेट घातली की ईशान्य-नैऋत्य पसरलेले तंतू पिवळे आणि वायव्य-आग्नेय निळे होतात. एकदा हे चित्र बघितलं की बेरीज-वजाबाकी आयुष्यात विसरत नाही. बर्ट्रांड लेन्स आणि इंटरफिअरन्स फिगर याच्यानंतरच हातात घ्या, आधी नाही.

९. नोंद आणि फोटो

वहीत एक वर्तुळ, अर्धं पीपीएल अर्धं एक्सपीएल, खाली ऑब्जेक्टिव्ह आणि वर्तुळाची खरी रुंदी मिलिमीटरमध्ये. ती रुंदी पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेवून मोजता येते. मोबाइलने फोटो काढणार असाल तर व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर फोन काळा कण उजळवतो, राखाडीला पिवळी झाक देतो, आणि मग त्या फोटोवरून चार्ट जुळवणं म्हणजे वेळ वाया.

१०. लॅब बंद असेल तर घरी

दोन लिनिअर पोलरायझर शीटचे तुकडे आणि साधा मायक्रोस्कोप किंवा चांगलं भिंग एवढ्यावर सुरुवात होते. एक तुकडा स्लाइडखाली, एक वर, काळोख होईपर्यंत फिरवून. मिठाचे आणि साखरेचे दाणे शेजारी ठेवा: मीठ क्युबिक, ते काळं राहतं, साखर चमकते. काचेवर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब वाळू द्या, स्फटिक वाढताना जे रंग दिसतात ते बघाच. खालच्या शीटऐवजी लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पांढरा करूनही चालतो, त्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. शीट विकत घेताना मात्र लिनिअर असं स्पष्ट विचारून घ्या. थिएटरचे थ्रीडी चष्मे आणि कॅमेऱ्याचे आजचे बरेचसे फिल्टर सर्क्युलर असतात, तसे दोन तुकडे सरळ एकावर एक ठेवून कितीही फिरवले तरी पूर्ण काळोख होईलच असं नाही.